पाकिटात मावलेला सदरा

२८ ऑगस्ट १८७८ रोजी पॅरिसमध्ये भरलेल्या फ्रेंच वैज्ञानिकांच्या परिषदेत पाफ्नुती चेबिशेव हा रशियन गणिती व्याख्यानाला उभा राहिला. अविभाज्य संख्या, संभाव्यता आणि यंत्रांचे सांधे या विषयांतले त्याचे काम युरोपभर गाजलेले होते. त्या दिवशीचा विषय मात्र होता कपडे बेतण्याचा. विणलेले कापड म्हणजे उभ्याआडव्या धाग्यांची जाळी. धागे ताणले जात नाहीत, फक्त त्यांच्यातला कोन कलतो, एवढे गृहीत धरून एखादी वक्र वस्तू कापडाने कशी मढवता येईल याचे गणित त्याने मांडले आणि कापडाच्या दोनच तुकड्यांनी मढवलेला एक चेंडू श्रोत्यांपुढे ठेवला. भूमितीत ‘चेबिशेव जाळी’ हे नाव आजही वापरात आहे.

त्याच्या सुमारे पन्नास वर्षे आधी, १८२७ मध्ये, जर्मन गणिती गाऊसने सिद्ध केले होते की गोलाचा पृष्ठभाग ताणल्या-फाडल्याशिवाय सपाट करता येत नाही. माणसाचा खांदा, छाती आणि पाठ गोलापेक्षाही अवघड. शिंपी हे कोडे रोज सोडवतो. तो टक घालतो, कळ्या जोडतो, मुंढ्याला गोलाई देतो. पण त्याच्यासमोर गिऱ्हाईक उभे असते, गळ्यात टेप असते आणि चुकले तर उसवता येते. यातले काहीच हाताशी नसताना हेच कोडे सोडवून देण्यावर पोट भरणारे लोक जगात आहेत. कपड्याचे कागदी आराखडे तयार करून विकणारे हे स्वतंत्र पॅटर्न डिझायनर. त्यात बहुसंख्य स्त्रिया आहेत आणि पुष्कळशा एकट्याच, घरातल्या एका खोलीतून काम करतात. त्यांनी आखलेला सदरा शिवला जातो तेव्हा त्या तिथे नसतात, कापड त्यांनी पाहिलेले नसते आणि तो घालणाऱ्याचे माप त्यांना माहीत नसते. म्हणून त्यांच्या दिवसातला चित्र काढण्याचा वेळ अगदी थोडा. उरलेला सगळा वेळ दुसऱ्याच्या हातून होऊ शकणारी चूक आधीच ओळखण्यात जातो. या धंद्यातले खरे कसब तेच आहे असे मला वाटते.

गिऱ्हाईक विकत घेते ते असे: कपड्याच्या प्रत्येक भागाचा पूर्ण आकाराचा कागद, म्हणजे पुढचा भाग, पाठ, बाही, कॉलर, खिसा. प्रत्येक तुकड्यावर कापडाचा उभा धागा कोणत्या दिशेने यावा हे सांगणारा बाण, टकाच्या रेषा, बटणांच्या जागा, जोडताना एकमेकांवर यायच्या खुणा आणि ‘दुमडीवर ठेवा’ किंवा ‘दोन कापा’ अशा सूचना. सोबत एक पुस्तिका, त्यात कापड किती लागेल याचा तक्ता आणि शिवणीचा क्रम चित्रांसह. हे सगळे एकेकाळी पातळ टिश्यू कागदावर येई. तो कागद इतका हलका की खिडकीतून झुळूक आली की टेबलावरून उडावा. आज ते बहुतेक वेळा पीडीएफ फाइल म्हणून येते.

आराखडे छापून विकायची कल्पना जुनी आहे. हुआन दे आल्सेगा या स्पॅनिश शिंप्याने १५८० मध्ये माद्रिदमध्ये शिवणकामाच्या भूमितीवर पुस्तक छापले. अमुक पन्ह्याच्या कापडावर झग्याचे तुकडे कसे मांडले तर कापड कमी लागेल, याच्या आकृत्या त्यात आहेत. पण त्या धंदेवाल्यांसाठी होत्या आणि लहान आकारात होत्या. एकोणिसाव्या शतकात अमेरिकन स्त्रियांच्या मासिकांतही अशा चिमुकल्या आकृत्या येत; त्या घरी मोठ्या करून घ्यायच्या. ज्यांना ते जमे त्यांना बहुधा आकृतीची गरजच नसे. न्यूयॉर्कच्या एलन डेमोरेस्ट आणि तिच्या नवऱ्याने पूर्ण आकाराचे कागदी नमुने विकायला काढले, पण एकाच मापाचे. आपल्या मापाला बसवायची जबाबदारी घेणारीची.

ही अडचण एका शिंप्याने दूर केली. मॅसॅच्युसेट्समधल्या स्टर्लिंग गावच्या एबेनेझर बटरिकने १८६३ मध्ये एकच नमुना निरनिराळ्या मापांत आणला. सुरुवात पुरुषांच्या आणि मुलांच्या कपड्यांपासून झाली. इटालियन सेनानी गॅरिबाल्डीच्या पोशाखावरून बेतलेला मुलांचा सूट विशेष खपला. १८६६ मध्ये स्त्रियांचे नमुने आले. जाड पुठ्ठ्याचे साचे घडी होऊन टपालात जाईनात, म्हणून त्याने टिश्यू कागद निवडला. वेळही अचूक साधली गेली. सिंगरने शिवणयंत्राचे पेटंट १८५१ मध्ये घेतले होते आणि थोड्याच वर्षांत ते हप्त्याने विकायला काढले होते. घरोघरी यंत्र आले, टीप कशी मारायची हे कळले, पण बेतायचे कसे हे ठाऊक नव्हते. ती उणीव बटरिकच्या पाकिटांनी भरून काढली.

त्या काळच्या नमुन्यांवर छपाई नसे. कागदाला भोके पाडलेली असत. मोठे भोक म्हणजे एक, लहान म्हणजे दुसरे, त्रिकोणी खाच म्हणजे तिसरे. ही सांकेतिक लिपी पाकिटावरच्या मजकुरावरून लावायची. रेषा आणि शब्द छापलेला कागद मॅकॉल कंपनीने पहिल्या महायुद्धानंतर आणला. बटरिकचे मासिक ‘डिलिनिएटर’ इतके मोठे झाले की १९०७ पासून तीन वर्षे त्याचे संपादन थिओडोर ड्रायझर करत होता. ‘सिस्टर कॅरी’ लिहिणारा हा कादंबरीकार उदरनिर्वाहासाठी झग्यांच्या नमुन्यांचे मासिक चालवत होता, हे साहित्याच्या इतिहासात फारसे सांगितले जात नाही. आणखी एक नाव इथे घ्यायलाच हवे. १९०५ मध्ये ‘व्होग’ साप्ताहिकाने वाचकांसाठी नमुना द्यायला सुरुवात केली, तेव्हा कुपन आणि ५० सेंट पाठवणाऱ्यांना तो कापून देत असे रोझा पेन नावाची बाई, आपल्या जेवणाच्या टेबलावर. पुढे व्होगची पॅटर्न कंपनी उभी राहिली ती या टेबलापासून. आजची घरबसली डिझायनर सरळ तिच्याच वारशातली.

युरोपात वेगळी वाट निघाली. जर्मनीतल्या ऑफेनबुर्ग गावच्या एने बुर्दाने १९५० मध्ये ‘बुर्दा मोडेन’ हे मासिक काढले. लवकरच त्याच्यासोबत पूर्ण आकाराचे नमुने येऊ लागले. एका मोठ्या कागदावर अनेक कपड्यांच्या रेषा एकमेकींवरून गेलेल्या, त्यांतून आपल्याला हवी ती रेषा शोधून दुसऱ्या कागदावर उतरवून घ्यायची. शिलाईची मार्जिन त्यात धरलेली नसते. ती आपण सोडायची. पहिल्यांदा पाहणाऱ्याला तो कागद म्हणजे मोठ्या जंक्शनवरच्या रुळांचा नकाशा वाटतो. तरीही युद्धानंतरच्या युरोपात कमी खर्चात नीटनेटके दिसायची सोय म्हणून बुर्दा घरोघरी पोचले आणि १९८७ मध्ये रशियन भाषेत सोव्हिएत संघातही गेले.

बटरिक, मॅकॉल, व्होग आणि १९२७ मध्ये आलेली सिम्प्लिसिटी या चौघींनी अमेरिकेतला बाजार दीर्घकाळ धरून ठेवला. छपाईचे अवजड यंत्र, टिश्यू कागद आणि कापडदुकानांतली कपाटे ज्यांच्याकडे, त्यांचाच हा धंदा. इंटरनेटने ही अट काढून टाकली. फाइल एकदा तयार झाली की छपाई गिऱ्हाईकाच्या घरी होते. २००९ मध्ये ओरेगनमधल्या पोर्टलंड शहरात सराय मिटनिकने कोलेट पॅटर्न्स सुरू केले. शिकागोच्या ग्रेनलाइन स्टुडिओचा आर्चर हा साधा सदरा हौशी शिवणाऱ्यांमध्ये नावाजला. ब्रिटनमध्ये २०१३ मध्ये बीबीसीवर शिवणकामाची स्पर्धा सुरू झाली आणि तिच्या पहिल्याच पर्वात दिसलेल्या टिली वॉल्न्सने नवशिक्यांसाठी नमुने काढणारा व्यवसाय उभा केला. या प्रसिद्ध नावांच्या मागे शेकडो अप्रसिद्ध एकट्या बायका आहेत. दरम्यान, २०२५ मध्ये त्या चारही जुन्या नावांची मालक असलेली अमेरिकन कंपनी दिवाळखोरीत गेली आणि त्याच वर्षी जोअ‍ॅन ही कापडदुकानांची मोठी साखळी बंद पडली.

आता कामाकडे. नमुन्याची सुरुवात ‘ब्लॉक’पासून होते. ब्लॉक म्हणजे अंगाला बसणारा, कसलीही फॅशन नसलेला मूळ फरमा. हा ब्लॉक म्हणजे डिझायनरची पुंजी. तो वर्षानुवर्षे दुरुस्त करत नेलेला असतो आणि डिझायनर तो कुणाला देत नाही. त्यावरून सदरा काढायचा तर आधी सैलपणा ठरवायचा. छाती ९२ सेंटीमीटर असेल तर सदरा ९२ चा करून चालत नाही. श्वास घ्यायला, हात पुढे न्यायला आठ-दहा सेंटीमीटर जास्त लागतात. ढगळ दिसावा असे वाटत असेल तर त्याहून जास्त. होजिअरीच्या ताणणाऱ्या कापडात उलट होते, कपडा अंगापेक्षा लहान आखतात. मग टक हलवायचे. छातीवरचा फुगवटा सामावून घेणारा टक खांद्यात घालता येतो, कुशीत घालता येतो किंवा प्रिन्सेस कटच्या शिवणीत लपवता येतो. त्याचा कोन तोच राहतो, फक्त तो उघडतो दुसऱ्या जागी. त्यानंतरचे काम कंटाळवाणे पण अटळ. ज्या दोन कडा एकमेकींना शिवल्या जाणार, त्या कागदावर एकमेकींवर फिरवत नेऊन त्यांची लांबी जुळते का ते पाहायचे. कुशीची पुढची शिवण मागच्यापेक्षा चार मिलिमीटर लांब निघाली तर शिवणारीला वाटते आपलाच हात वाकडा.

सगळ्यांत जास्त वेळ खातात मुंढा आणि बाही. माणसाचे हात पुढे काम करतात, म्हणून मुंढ्याची गोलाई पुढून जास्त खोल आणि मागून उथळ. बाहीचा माथा म्हणजे घंटेच्या आकाराची वक्ररेषा. विणलेल्या कापडाच्या बसत्या कपड्यात ती मुंढ्यापेक्षा साधारण दोन ते चार सेंटीमीटर लांब ठेवतात. ही जास्तीची लांबी चुणी न पडू देता शिवणीत जिरवायची, म्हणजे खांद्याच्या टोकाला गोलाई येते. माथा उंच केला तर बाही झुळझुळीत पडते पण हात वर करता येत नाही. माथा बसका केला तर हात मोकळा फिरतो, काखेत मात्र कापड गोळा होते. दोन्ही एकदम मिळत नाही. कोटाची बाही आणि कामाच्या सदऱ्याची बाही वेगळी दिसते ती यामुळे. बाही उलटी लागू नये म्हणून पुढच्या बाजूला एक खाच आणि मागच्या बाजूला दोन, हा संकेत जवळपास सगळीकडे पाळला जातो. कागदांवरच्या मोजक्या बारीक रेघा, पण त्या नसत्या तर किती बाह्या उसवाव्या लागल्या असत्या कोण जाणे.

कागद झाला की मांजरपाटावर पहिला नमुना शिवायचा. स्वस्त कापड, मोठी टीप, कसलेही फिनिशिंग नाही. तो पुतळ्यावर चढवायचा, पेन्सिलने त्यावरच रेषा दुरुस्त करायच्या, त्या परत कागदावर न्यायच्या आणि पुन्हा शिवायचे. मादलेन व्हिओने ही फ्रेंच कपडेकार असे प्रयोग लहान लाकडी बाहुलीवर करत असे आणि उरेब, म्हणजे तिरक्या धाग्यावर कापलेल्या, कापडाची तिने साधलेली करामत आजही अभ्यासली जाते. नमुना विकणारीला मात्र अशी करामत जपून करावी लागते. स्वतःच्या हाताला जमते ते अनोळखी नवशिकीच्या हाताला जमेल का, हा प्रश्न प्रत्येक शिवणीपाशी उभा असतो. सुरेख दिसणाऱ्या कितीतरी कॉलर याच प्रश्नापाशी रद्द होतात.

एक माप ठरले, आता बाकीची मापे काढायची. या कामाला ग्रेडिंग म्हणतात. बाहेरच्या माणसाला वाटते झेरॉक्सवर मोठे केले की झाले. पण माणूस झेरॉक्ससारखा वाढत नाही. छातीच्या घेरात दोन मापांमधला फरक पाच सेंटीमीटर धरला तर कपड्याच्या एका चतुर्थांशाला सव्वा सेंटीमीटर मिळतो. तो सगळा कुशीत टाकला तर खांदे अरुंद राहतील, सगळा खांद्यात टाकला तर बाह्या कोपराकडे घसरतील. म्हणून थोडा गळ्याला, तीनेक मिलिमीटर खांद्याला, थोडा मुंढ्याला आणि उरलेला कुशीला असा वाटायचा. बाहीची लांबी जेमतेम वाढते, कारण घेर वाढला म्हणून हात लांब होत नाही. एका ब्लॉकवरून दोन्ही बाजूंना काही मापांपर्यंत हे गणित चालते, त्यापुढे आकार बिघडतो आणि मोठ्या अंगासाठी वेगळा ब्लॉक काढावा लागतो. मोठ्या कंपन्यांचे स्त्रियांचे नमुने परंपरेने बी कपाच्या छातीवर आखलेले असत. ज्यांचे तसे नव्हते त्यांनी कागद फाडून, पट्ट्या चिकटवून भागवायचे. ही तक्रार ऐकून २०१५ मध्ये अमेरिकेत कॅशमेरेट हा व्यवसाय खास मोठ्या मापांसाठी आणि निरनिराळ्या कप मापांसाठी सुरू झाला.

मापांच्या तक्त्यांचाही इतिहास आहे आणि तो फार स्वच्छ नाही. १९३९-४० मध्ये अमेरिकेच्या शेतीखात्याने रूथ ओब्रायन आणि विल्यम शेल्टन यांच्या देखरेखीखाली सुमारे १५ हजार स्त्रियांची प्रत्येकी ५९ मापे घेतली. अहवाल १९४१ मध्ये आला आणि पुढच्या प्रमाण मापांचा पाया ठरला. त्यात फक्त गोऱ्या स्त्रियांची मापे धरलेली होती. एवढे करून निघालेला निष्कर्ष शिंप्यांना आधीपासून ठाऊक होता: एका मापावरून दुसरे ओळखता येत नाही. छाती सारखी असलेल्या दोघींच्या कमरा, खांदे, उंच्या वेगवेगळ्या. नमुना विकणारीने यातला एक ‘सरासरी’ देह निवडायचा, आपल्या संकेतस्थळावर तो प्रामाणिकपणे जाहीर करायचा आणि ‘इथे लांबी वाढवा-कमी करा’ अशी दुहेरी रेषा आखून ठेवायची.

कापडाचा तक्ता हे आणखी एक छुपे काम. दहा मापे, दोन पन्हे, लांब आणि आखूड बाही, एवढ्यासाठीच चाळीस मांडण्या करून पाहाव्या लागतात. मखमलीसारख्या एकाच दिशेच्या कापडाला वेगळी मांडणी. आकडा कमी सांगितला तर गिऱ्हाईक बाही कापताना अडकते, जास्त सांगितला तर महागडे कापड वाया गेले म्हणून रागावते. बेतताना सरासरी १५ टक्के कापड कपटे होऊन जाते असे सर्वसाधारणपणे मानतात. जपानी किमोनोत ते जवळपास काहीच जात नाही, कारण तो अरुंद पन्ह्याच्या एकाच ठाणातून, सरळ आयतांनी कापतात. त्यावरून स्फूर्ती घेऊन कपटा न उरू देणारे नमुने आखणाऱ्यांचा एक छोटा पंथ आता तयार झाला आहे. टिमो रिसानेन आणि हॉली मॅक्विलन यांनी त्यावर २०१६ मध्ये पुस्तक लिहिले.

यानंतर लेखन. दिवसाच्या याच भागाला बहुतेक डिझायनर वैतागतात असे दिसते. ‘कॉलर जोडा’ हे तीन सेकंदांत बोलता येते, पण कोणती कड कोणत्या कडेला, सुलट बाजू आत की बाहेर, कात्र कुठे मारायचे, इस्त्री कोणत्या दिशेला फिरवायची, हे सगळे सांगितल्याशिवाय अनोळखी बाई कॉलर जोडू शकत नाही. प्रत्येक पायरीला रेखाचित्र, त्यात कापडाची एक बाजू गडद रंगवलेली, म्हणजे उलट-सुलट कळावे. चित्रे संगणकावर आखतात आणि प्रत्येक मापाची रेषा वेगळ्या थरावर ठेवतात, म्हणजे गिऱ्हाईकाला नको असलेली मापे लपवून फक्त आपले माप छापता येते. मजकूर कोरडा असावा लागतो. विनोद केला तर अडचणीत सापडलेल्या वाचकाला तो चिडवल्यासारखा वाटतो.

मग परीक्षा. वेगवेगळ्या अंगाच्या, वेगवेगळ्या सरावाच्या दहा-वीस जणींना नमुना पाठवतात. त्या आपले कापड घालून शिवतात, फोटो काढतात, कुठे अडले ते कळवतात. बहुतेक वेळा त्यांना मोबदला म्हणून तो नमुनाच मिळतो. कापड त्यांचे, दिवस त्यांचे आणि शिकायला मिळते ते डिझायनरला, म्हणून या प्रथेवर टीका होते आणि ती मला रास्त वाटते. काही व्यवसाय आता पैसे देऊ लागले आहेत.

फाइल घरी छापायची म्हणजे मोठा आराखडा लहान पानांवर तोडायचा. एका ए-शून्य कागदात बरोबर सोळा ए-चार पाने मावतात. लांब झग्याला त्याहून पुष्कळ जास्त लागतात आणि ती चिकटपट्टीने जोडायची. अमेरिकेत ए-चार वापरत नाहीत. त्यांचे लेटर पान थोडे रुंद आणि थोडे आखूड. म्हणून दोन्ही पानांवर मावेल असा चौकोन धरून आराखडा कापावा लागतो. खरा शत्रू छपाईयंत्राच्या ‘पानात बसवा’ या पर्यायात असतो. त्याने चित्र ९७ टक्के झाले तर डोळ्यांना कळत नाही, पण १०० सेंटीमीटर घेराचा सदरा ९७ चा होतो आणि मोठ्या विचाराने ठरवलेला सैलपणा सुमारे एक तृतीयांश उडून जातो. यावर उपाय म्हणून पहिल्या पानावर दहा सेंटीमीटरचा एक चौकोन छापलेला असतो. तो पट्टीने मोजून मगच पुढची पाने काढायची. अलीकडे काही जण छपाईच करत नाहीत. छताला प्रोजेक्टर टांगून नमुना थेट कापडावर पाडतात आणि त्या प्रकाशाच्या रेषेवर कात्री चालवतात.

विक्री सुरू झाली की दिवसाची सुरुवात पत्रांनी होते. माझी छाती एका मापाची आणि नितंब दुसऱ्या मापाचे, मी कोणते घेऊ? सातव्या पायरीत म्हटले आहे ते नेमके कुठे? फाइल उघडत नाही. एक नमुना साधारण पंधरा डॉलरला जातो आणि तो तयार व्हायला एकटीला काही महिने लागतात, तेव्हा शेकड्यांनी खप झाल्याखेरीज घरभाडे निघत नाही. मिळकत नवा नमुना आला की उसळते आणि मग ओसरते. त्यात करांचे लचांड. १ जानेवारी २०१५ पासून युरोपीय संघात डिजिटल वस्तूंवर गिऱ्हाईकाच्या देशाचा कर लागू झाला. त्यामुळे इंग्लंडमधल्या एका खोलीतून फाइल विकणाऱ्या बाईला फिनलंड, पोर्तुगाल, ग्रीस अशा प्रत्येक देशाचा दर पाहून हिशेब ठेवावा लागला. लहान व्यावसायिकांनी आरडाओरडा केल्यावर २०१९ पासून संघातल्या विक्रेत्यांना वर्षाला १० हजार युरोपर्यंत सूट मिळाली. ब्रिटन पुढे संघाबाहेर पडला आणि तिथल्यांची ती सोयही गेली. चोरीचे संरक्षण तुटपुंजे आहे. अमेरिकन कायद्यात कपड्याच्या बेताला स्वामित्वहक्क नाही, कारण कपडा ही उपयोगाची वस्तू. चित्रे आणि सूचनांचा मजकूर तेवढा सुरक्षित. म्हणजे तिच्या मेहनतीतला सर्वांत मोलाचा भाग, मुंढ्याची ती रेषा, कुणीही उचलू शकतो.

आपल्याकडे हा धंदा या रूपात रुजला नाही, आणि त्याचे कारण आपल्या गल्लीतच बसलेले असते. शिंपी परवडत होता तोवर कागदाची गरज पडली नाही. तो टेपने अंग मोजतो आणि खडूने थेट कापडावर आखतो. मुंबईच्या झारापकरांच्या पद्धतीत शिकलेल्यांना छातीच्या मापाचे बारावे, सहावे, चौथे भाग तोंडपाठ असतात. ‘झारापकर सिस्टिम ऑफ कटिंग’ हे पुस्तक पिढ्यान्‌पिढ्या शिवणक्लासांत वापरले गेले. ही पद्धत तत्त्वतः पाकिटातल्या नमुन्याच्या उलट आहे. तिथे तयार आकार मिळतो, इथे आकार काढायचा नियम मिळतो, आणि माझ्या मते दुसरे जास्त टिकाऊ. साडीवरचा ब्लाउज हेही एक कारण. तो इतका बसता असतो की सरासरी देहावर आखलेला कागद त्याला सहसा चालत नाही. कटोरीच्या ब्लाउजला तर मुळीच नाही. तरी शिवणसाहित्याच्या दुकानांत मापवार पेपर कटिंगचे संच विकले जातात आणि नवशिक्या बायका ते घेतात. प्रमाण मापांचा आपला तक्ता मात्र बराच काळ उसना होता. निफ्ट या राष्ट्रीय संस्थेने सहा शहरांत, त्यांत मुंबईही आली, सुमारे २५ हजार स्त्री-पुरुषांचे त्रिमितीय स्कॅनरने माप घेण्याचा प्रकल्प हाती घेतला तो एवढ्यासाठीच.

जुने कागदी नमुने टिकत नाहीत. टिश्यू पिवळा पडतो, वापरताना फाटतो, काम झाले की टाकला जातो. अमेरिकेत ऱ्होड आयलंड विद्यापीठाने हे ओळखून हजारो नमुने जमवले आणि त्यांची सूची केली. नाटकांच्या वेशभूषाकारांपासून इतिहासाच्या अभ्यासकांपर्यंत सगळे त्यांचा उपयोग करतात, कारण सामान्य घरात प्रत्यक्ष काय घालत होते हे त्या पाकिटांइतके स्पष्ट दुसरे काही सांगत नाही. आपल्या घरांत अशी पाकिटे नसतील, पण आई-आजीच्या शिवणक्लासच्या वह्या असतात. चौथाई मापात काढलेली पोलक्याची, परकराची, झबल्याची आखणी, खाकी कागदाचे कापलेले तुकडे, कडेला पेन्सिलीने मांडलेले हिशेब. त्या रद्दीत घालू नका. मुखपृष्ठावर नाव, गाव, क्लासचे नाव आणि साधारण वर्ष लिहा, पानांचे फोटो काढून ठेवा, आणि वही जिची आहे ती घरात असेल तर तिच्याकडून एक बाही आखून घ्या.